बर्लिनची भिंत नेमकी कशी होती? रचना, रेषा, रूळ, भुयारं आणि पाडकाम

उत्तररात्र (धागाकर्ती)

दर नोव्हेंबरात भिंतीवर चढलेल्या गर्दीचा तोच फोटो फिरतो आणि त्याखाली हमखास विचारलं जातं, "एवढीशी तर भिंत, लोक शिडी लावून पार का झाले नाहीत?" प्रश्न रास्त आहे. त्या फोटोतली भिंत खरंच चढण्याजोगी दिसते. पण ती ब्रांडेनबुर्ग दरवाजासमोरची आहे आणि तो तुकडा बाकीच्या भिंतीसारखा नव्हताच. रणगाडा अडावा म्हणून तिथे ती ठेंगणी आणि सुमारे तीन मीटर जाड बांधली होती. म्हणून 9 नोव्हेंबर 1989 च्या रात्री माणसं तिच्या माथ्यावर उभी राहू शकली. इतर ठिकाणी माथ्यावर पाऊल टेकायलाही जागा नव्हती.

मुळात "भिंत" हा शब्दच फसवा आहे. पश्चिम बर्लिनभोवतीचा पूर्ण वेढा सुमारे 155 किमीचा. त्यातले जेमतेम 43 किमी पूर्व आणि पश्चिम बर्लिनच्या मधून जायचे. उरलेले 112 किमी पश्चिम बर्लिन आणि भोवतालचा पूर्व जर्मनीचा मुलूख यांच्यामध्ये होते. शहर दुभागलं हे खरंच, पण त्याहून खरं म्हणजे शहराचा पश्चिम अर्धा भाग चहूबाजूंनी कोंडला गेला. आणि कोंडलेल्या भागातली माणसं बाहेर जाऊ शकत होती, बाहेरच्यांना आत यायला बंदी होती. 1949 पासून 1961 पर्यंत पंचवीस लाखांहून जास्त लोक पूर्व जर्मनी सोडून गेले, नुसत्या जुलै 1961 मध्ये 30,000 च्या घरात. ती गळती थांबवण्यासाठी हे बांधकाम होतं.

पूर्वेकडून निघालेल्या माणसाच्या वाटेत ऐंशीच्या दशकात काय काय यायचं, ते क्रमाने लिहिते.

आधी मागची भिंत. जर्मन नाव हिंटरलांडमाउअर, उंची दोन ते तीन मीटर. पूर्व बर्लिनच्या रहिवाशाला रोज दिसायची ती हीच. पलीकडची रंगवलेली भिंत त्याने पाहिलेलीही नसायची. मग सिग्नलचं कुंपण: तारेला हात लागला की जागेवर काहीच आवाज व्हायचा नाही, पण नियंत्रण मनोऱ्यात कुठल्या टप्प्यात स्पर्श झाला ते कळायचं. पळणाऱ्याला आपण सापडलोय हेच ठाऊक नसायचं, मला यातली सर्वांत भयंकर गोष्ट ही वाटते. काही ठिकाणी जमिनीवर लोखंडी खिळ्यांच्या चटया पसरलेल्या, काही ठिकाणी लांब तारेला बांधलेले कुत्रे. पुढे मनोरे, गस्तीचा काँक्रीटचा रस्ता, रात्रभर जळणाऱ्या दिव्यांची रांग. मग दाताळ्याने सारखी केलेली वाळूची पट्टी, म्हणजे पाऊल पडलं की ठसा राहिला. त्यापुढे गाड्या अडवणारा चर. आणि सगळ्यांत शेवटी ती प्रसिद्ध भिंत.

1989 मध्ये या वेढ्यावर 302 मनोरे होते. मधल्या पट्ट्याची रुंदी कुठे तीसेक मीटर, तर पोट्सडामर प्लाट्झ या चौकात काहीशे मीटर.

चराकडे नीट पाहा. त्याचा पूर्वेकडचा काठ उतरता आणि पश्चिमेकडचा उभा, काँक्रीटने बांधलेला. पश्चिमेकडून रणगाडे येतील अशी भीती असती तर उभा काठ पूर्वेला ठेवला असता. पूर्वेकडून येणारी गाडी चरात उतरावी आणि वर चढू नये असा तो आकार आहे. सरकारी कागदांत या सगळ्याला "फॅसिझमविरोधी संरक्षक तटबंदी" म्हणत. तटाचं तोंड कुठे आहे ते एकटा चर सांगतो.

---

केतकी_ह

उत्तम धागा. यात भूसुरुंग आणि आपोआप गोळ्या झाडणारी यंत्रं राहिली का? ती भिंतीलगत लावलेली असत असं बऱ्याच ठिकाणी वाचलंय.

---

उत्तररात्र

राहिली नाहीत. बर्लिनमध्ये ती नव्हतीच. सुरुंग आणि एसएम-70 नावाची स्वयंचलित यंत्रं पूर्व आणि पश्चिम जर्मनीच्या मधल्या लांबलचक सीमेवर होती, ती सुमारे 1,400 किमीची वेगळी रेषा. बर्लिनमध्ये गोळी झाडायचा तो माणूसच. पहारेकरी जोडीने ठेवत आणि जोड्या सतत बदलत, कारण दोघांची ओळख मुरली तर दोघं मिळून पळून जातील ही धास्ती होती. धास्ती पहिल्याच आठवड्यात खरी ठरली: 15 ऑगस्ट 1961 ला बर्नाउअर श्ट्रास आणि रुपिनर श्ट्रास या रस्त्यांच्या कोपऱ्यावर 19 वर्षांचा पहारेकरी कोनराड शूमान तारेच्या भेंडोळ्यावरून उडी मारून पश्चिमेला गेला. तो फोटो सगळ्यांनी पाहिलाय. त्यात भिंत नाही हे मात्र फार कुणाच्या लक्षात येत नाही. तोवर नुसती काटेरी तारच होती.

---

गवंडी

काँक्रीटबद्दल थोडं सविस्तर.

भिंतीच्या साधारण चार पिढ्या मानतात. 12 आणि 13 ऑगस्ट 1961 च्या मधल्या रात्री काटेरी तार आणि खांब. शनिवार-रविवारची रात्र मुद्दाम निवडलेली. काही दिवसांतच शहराच्या मध्यभागी ठोकळ्यांची भिंत चढू लागली, माथ्यावर वाय आकाराच्या सळया आणि तार. हे काम घाईचं होतं. सांधे कच्चे होते, जड वाहन वेगाने आदळलं की भगदाड पडायचं, आणि तसं झालंही. साठच्या दशकाच्या मध्यापासून खांबांच्या खाचांत आडव्या काँक्रीटच्या फळ्या सरकवून केलेली भिंत आली, माथ्यावर गोल पाइप. ती जास्त टिकाऊ, पण आडव्या फळीमागे आडवी फळी म्हणजे सांध्यांच्या रेषाही आडव्याच, बोटं अडकवायला सोयीच्या.

चौथी पिढी म्हणजे "ग्रेन्झमाउअर 75", आज जगभरच्या चौकांत आणि संग्रहालयांत उभी आहे ती. एक घटक 3.60 मी. उंच, 1.20 मी. रुंद, वजन पावणेतीन टनांच्या आसपास. बाजूने पाहिलं तर इंग्रजी एलसारखा, खालचा पाय 2.10 मीटरचा. असे सुमारे 45,000 घटक लागले. उभे सांधे चुन्या-सिमेंटने लिंपून घेतलेले, म्हणजे चढणाऱ्याला ना खाच ना कंगोरा. वर अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचा पाइप खालून चिरून माथ्यावर बसवलेला. त्याचा व्यास असा की दोन्ही हातांनी कवळ घालता येत नाही आणि आकडा टाकला तर घसरतो.

हा घटक सीमेसाठी मुळात आखलेलाच नव्हता. शेतीच्या कामासाठी, चाऱ्याचे आणि मालाचे ढीग थोपवायला वापरायचा धारक भिंतीचा घटक होता, त्यातच फेरफार केला. धारक भिंतीचं तत्त्व इथे कुणीही बांधकामवाला ओळखेल: माल पायावर बसतो आणि त्या मालाचंच वजन भिंतीला उलटू देत नाही. सीमेवर घटक उभे केले तेव्हा लांब पाय पूर्वेकडे ठेवला. पूर्वेकडून ट्रक आला तर त्याची चाकं आधी पायावर चढणार, आणि ट्रकचं वजनच भिंतीला दाबून धरणार. जोरात ढकलाल तितकी ती घट्ट. उत्तररात्र यांनी चराबद्दल लिहिलंय त्याला हा दुसरा पुरावा समजा.

पूर्वेकडचं अंग पांढरं रंगवत. सुशोभन म्हणून नव्हे, दिव्यांच्या उजेडात माणसाची आकृती पांढऱ्यावर चटकन दिसावी म्हणून.

---

नकाशावाला

भिंत आणि सीमा एकाच रेषेवर होत्या हा समज इथे दुरुस्त करायला हवा. भिंत बहुतेक ठिकाणी सीमेच्या थोडी आत, पूर्वेच्या जमिनीवर उभी होती. पुढच्या अंगाची डागडुजी करायला जागा हवी म्हणून पलीकडे पट्टी सोडलेली असे. म्हणजे पश्चिम बाजूला उभं राहून भिंतीवर चित्रं काढणारा माणूस कायद्याने पूर्व जर्मनीत उभा असायचा. भिंतीत छोटे दरवाजे होते. त्यातून पहारेकरी बाहेर येऊन त्याला पकडू शकत, आणि पश्चिमेचे पोलीस सीमा ओलांडून मदतीला येऊ शकत नसत.

याचं टोकाचं उदाहरण लेने त्रिकोण. पोट्सडामर प्लाट्झजवळ सीमा वाकडी जायची, भिंत मात्र सरळ बांधली, त्यामुळे सुमारे चार हेक्टरचा त्रिकोण भिंतीच्या पश्चिमेला पण पूर्वेच्या मालकीचा असा उरला. रान माजलं. जमिनींच्या अदलाबदलीत 1 जुलै 1988 ला तो पश्चिम बर्लिनकडे जायचा ठरला. त्याआधी काही आठवडे तिथून जाणाऱ्या नियोजित रस्त्याला विरोध करणाऱ्या तरुणांनी तंबू ठोकले होते. जमीन पूर्वेची, म्हणून पश्चिमेच्या पोलिसांना आत शिरता येईना. हस्तांतराच्या पहाटे पोलीस आले तेव्हा दोनशेच्या आसपास माणसं शिड्या लावून भिंत चढली आणि पूर्वेकडे उतरली. तिकडच्या सैनिकांनी त्यांना ट्रकमध्ये बसवलं, खायला दिलं आणि नेहमीच्या नाक्यांवरून परत पाठवलं.

नदीचा मामला जास्त क्रूर. क्रॉइत्सबेर्गजवळ श्प्रे नदीचं सगळं पात्र पूर्वेचं, सीमा थेट पश्चिमेच्या काठाला. काठावरून पाय घसरला की माणूस परदेशात पडला. पश्चिमेचं अग्निशमन दल काठावर उभं आणि पाण्यात उतरायची परवानगी नाही, अशा स्थितीत तिथे पाच मुलं बुडाली. शेवटचा मुलगा 11 मे 1975 ला, त्याच्या पाचव्या वाढदिवशी. त्यानंतर ऑक्टोबर 1975 मध्ये कुठे दोन्ही बाजूंचा करार झाला आणि बचावासाठी पाण्यात उतरायला मुभा मिळाली. एका वाक्याच्या परवानगीसाठी चौदा वर्षं.

---

रूळवाटा

जमिनीखालचं शहर कसं कापलं ते लिहितो.

बर्लिनचं रेल्वेजाळं भिंतीच्या कितीतरी आधीचं. पश्चिमेच्या दोन भुयारी मार्गिका, आजच्या यू-6 आणि यू-8, उत्तरेला पश्चिमेत सुरू होऊन मध्ये पूर्व बर्लिनच्या पोटातून जायच्या आणि दक्षिणेला पुन्हा पश्चिमेत निघायच्या. उत्तर-दक्षिण एस-बानचंही, म्हणजे शहरातल्या लोकल रेल्वेचंही, तेच. त्या बंद केल्या नाहीत. गाड्या चालू ठेवल्या, पूर्वेतली स्थानकं बंद केली. गाडी वेग कमी करून अर्धवट उजेडातल्या फलाटावरून न थांबता जायची आणि खांबाआड बंदूकधारी पहारेकरी दिसायचा. लोक त्यांना भुताची स्थानकं म्हणू लागले. वर पूर्व बर्लिनच्या रस्त्यावर जिन्यांची तोंडं बुजवलेली, पाट्या काढलेल्या, नकाशांवरून नावं पुसलेली. अलेक्सांडरप्लाट्झसारख्या गजबजलेल्या चौकात पायाखालून पश्चिमेची गाडी जाते हे फक्त जाळीतून येणाऱ्या घरघरीने कळायचं.

अपवाद एकच, फ्रीडरिशश्ट्रास. तिथे पश्चिमेचे प्रवासी एका गाडीतून दुसरीत बदलू शकत किंवा तपासणी करून पूर्वेत जाऊ शकत. एकाच स्थानकात दोन देशांचे फलाट, मध्ये आडोसा. परत जाणाऱ्यांच्या तपासणीसाठी 1962 मध्ये शेजारी काचेची इमारत बांधली. निरोप द्यायला आलेल्यांना तिच्या दारातच थांबावं लागे, म्हणून तिचं नाव पडलं "अश्रूंचा महाल". ती अजून आहे, आत प्रदर्शन आहे.

आणखी एक गुंता: पश्चिम बर्लिनमधली एस-बानसुद्धा पूर्व जर्मनीची रेल्वे चालवायची. 1961 नंतर पश्चिमेच्या लोकांनी तिच्यावर बहिष्कार घातला, कारण तिकिटाचा पैसा भिंत बांधणाऱ्यांकडे जाणार. डबे रिकामे, डागडुजी बंद, रूळांवर गवत. 1984 च्या जानेवारीत पश्चिम बर्लिनच्या वाहतूक संस्थेने ती चालवायला घेतली, तोवर जाळ्याचा मोठा भाग मोडीत निघाला होता.

टेलिफोनचंही लिहून ठेवतो, विषय निघालाच आहे तर. दोन बर्लिनमधल्या थेट लाइन भिंतीच्याही आधी, 1952 मध्येच तोडल्या होत्या. 31 जानेवारी 1971 ला पुन्हा जोडल्या त्या फक्त दहा.

---

केतकी_ह

मग भुयारं खणणारे या रेल्वेच्या बोगद्यांतून का नाही गेले? आणि सगळी भुयारं बर्नाउअर श्ट्रासलाच का दिसतात?

---

मातीकाम

रेल्वेच्या बोगद्यांत पहारा होता. गटारांतूनही सुरुवातीला काही जण गेले, मग तिथे लोखंडी जाळ्या बसवल्या.

बर्नाउअर श्ट्रासचं उत्तर मातीत आहे. बर्लिनचा मध्यभाग नदीच्या सखल खोऱ्यात, दोन-तीन मीटर खणलं की पाणी. बर्नाउअर श्ट्रास उंच पठाराच्या कडेला आहे, तिथे पाणी खोल आणि माती चिकट, अंगच्या आधाराने उभी राहणारी. शिवाय दोन्हीकडची घरं जवळ, त्यामुळे अंतर कमी. पश्चिमेच्या तळघरात सुरुवात करायची आणि पूर्वेच्या तळघरात निघायचं.

अडचणी तीन. पहिली माती. शंभर-दीडशे मीटरच्या भुयाराची माती रस्त्यावर टाकता येत नाही, गुप्तहेर बघतात. ती त्याच इमारतीत साठवावी लागते, म्हणून मोठी रिकामी जागा हवी. दुसरी हवा: लांबी वाढली की शेवटच्या माणसाला श्वास पुरत नाही, पाइपातून हवा ढकलावी लागते. तिसरी पाणी, आणि ते भूजलच असं नाही. 1962 च्या "टनेल 29" मध्ये फुटलेल्या नळाचं पाणी शिरलं आणि काम काही काळ थांबलं. ते शेवटी 14 आणि 15 सप्टेंबरला उघडलं आणि 29 माणसं निघाली. खोली चुकली तर काय होतं ते वोलांकश्ट्रास स्थानकाने दाखवलं: 1962 च्या सुरुवातीला तिथे खणलेलं भुयार वरच्या फलाटाचा भार पेलू शकलं नाही, फलाट खचला आणि बेत उघडा पडला.

सर्वांत यशस्वी म्हणजे "टनेल 57". एप्रिल 1964 पासून बर्नाउअर श्ट्रास 97 मधल्या बंद पडलेल्या बेकरीतून खणलं. खोली अकरा-बारा मीटर, लांबी 145 मीटर, आत फक्त रांगता येईल एवढी उंची. पलीकडचं तोंड श्ट्रेलित्सर श्ट्रास 55 च्या मागच्या अंगणातल्या शौचालयात निघालं. 3 आणि 4 ऑक्टोबरच्या रात्रींत 57 जण आले. परवलीचा शब्द "टोकियो". दुसऱ्या रात्री सैनिक पोहोचले, गोळीबार झाला आणि एगोन शुल्ट्स हा पूर्वेचा जवान मेला. त्याला पळवणाऱ्यांनी मारलं असं पूर्व जर्मनीने वर्षानुवर्षं शिकवलं, शाळांना त्याचं नाव दिलं. एकीकरणानंतर कागद उघडले तेव्हा दिसलं की प्राणघातक गोळी त्याच्याच सहकाऱ्याच्या बंदुकीची होती, आणि गुप्तचर खात्याला ते आधीपासून माहीत होतं.

---

नकाशावाला

बर्नाउअर श्ट्रासबद्दल जोड. दक्षिण बाजूच्या घरांची दारं-खिडक्या ज्या फुटपाथवर उघडत तो फुटपाथ पश्चिमेचा, घरं पूर्वेची. आधी दारं खिळे मारून बंद केली, मग तळमजल्याच्या खिडक्या विटांनी बुजवल्या. लोक वरच्या मजल्यांवरून उड्या मारू लागले, खाली पश्चिमेचे अग्निशमनवाले चादर धरून. 22 ऑगस्ट 1961 ला इडा झीकमान या बाईंनी आधी अंथरूण खाली टाकलं आणि चादर ताणली जाण्याआधी उडी घेतली. भिंतीने घेतलेला तो पहिला बळी. दुसऱ्या दिवशी त्यांचा 59 वा वाढदिवस होता. सप्टेंबरात घरं रिकामी करवली, पुढे वरचे मजले पाडून खालचे दर्शनी भागच भिंत म्हणून ठेवले.

---

केतकी_ह

बळींचा आकडा कुठे 140, कुठे दोनशेच्या वर दिसतो. बरोबर कुठला?

---

उत्तररात्र

किमान 140, बर्लिनच्या भिंतीवरचे. संशोधकांनी एकेक नाव तपासून ही यादी केली: पळताना मारले गेलेले, अपघातात गेलेले किंवा जीव दिलेले 101, पळण्याचा हेतू नसलेले, दोन्हीकडचे 30, कर्तव्यावर मेलेले आठ पूर्व जर्मन सीमा सैनिक आणि एक सोव्हिएत सैनिक. याशिवाय नाक्यांवर तपासणीच्या वेळी किंवा लगेच नंतर, बहुतेक हृदयविकाराने, किमान 251 प्रवासी मेले. ते या 140 मध्ये धरत नाहीत. पूर्ण जर्मन सीमेचे बळी मिळवले की आकडा आणखी फुगतो. माझं मत स्पष्ट आहे: आकडा लिहिताना यादी कुठली ते लिहावं. मोठा आकडा दिला म्हणून पेटर फेख्टर सारख्या 18 वर्षांच्या मुलाचं, 17 ऑगस्ट 1962 ला भिंतीच्या पायथ्याशी जवळजवळ तासभर रक्त वाहून मरणं अधिक खरं होत नाही.

---

गवंडी

पाडकामाबद्दल. 9 नोव्हेंबरला "भिंत पडली" म्हणतो तेव्हा काँक्रीट जागच्या जागी होतं. संध्याकाळी पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाचे प्रवक्ते शाबोव्स्की यांनी पत्रकार परिषदेत प्रवासाचा नवा नियम "ताबडतोब" लागू असल्याचं सांगितलं. खरं तर तो दुसऱ्या दिवशी जाहीर व्हायचा होता. साडेअकराच्या सुमारास गर्दीपुढे बोर्नहोल्मर श्ट्रासचा नाका उघडला. 11 नोव्हेंबरला यानोवित्सब्र्युक हे पहिलं भुताचं स्थानक जिवंत झालं. पद्धतशीर पाडकाम मात्र 13 जून 1990 ला सुरू झालं, तेही बर्नाउअर श्ट्रासपासूनच, आणि करणारे पूर्व जर्मनीचे सीमा सैनिकच. वर्षअखेरीस शहरातली जवळपास सगळी गेली.

हातोडी-छिन्नीवाल्यांना तुकडे मिळाले ते वरवरचे. आतल्या सळया लागल्या की छिन्नी थांबते. सैनिकांनी आधी माथ्यावरचे पाइप उतरवले, मग सांधे मोकळे करून क्रेनने घटक उचलले. बहुतेक काँक्रीट भरडून रस्त्यांच्या थरात गेलं. बाजारात विकत मिळणाऱ्या रंगीत खपल्यांबद्दल एवढंच: रंग खपलीच्या खडबडीत, तुटलेल्या अंगावरही चढलेला असेल तर तो तोडल्यानंतर फवारलाय. खऱ्या तुकड्याचा रंग एकाच, गुळगुळीत अंगाला असतो, अनेक थरांचा.

---

रूळवाटा

जाणाऱ्यांसाठी. ईस्ट साइड गॅलरी, म्यूलेनश्ट्रासवरचा 1.3 किमीचा चित्रांचा पट्टा, ही पुढची भिंत नाही. उत्तररात्र यांनी सुरुवातीला सांगितलेली ती मागची भिंत आहे. पुढची सीमा नदीच्या पलीकडच्या काठाला होती. चित्रं 1990 ची, भिंत उघडल्यानंतरची. मूळ पट्टा समजून घ्यायचा असेल तर बर्नाउअर श्ट्रासचं स्मारक पाहा, तिथे दोन्ही भिंती, मनोरा आणि मधली जागा एका ठिकाणी ठेवली आहे. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर चढून वरून बघा, खालून पट्ट्याची खोली कळत नाही. भुताच्या स्थानकांचं प्रदर्शन तिथून जवळच, नोर्डबानहोफ स्थानकात खाली उतरल्यावर आहे.

रस्त्यांवर फरशीत दुहेरी दगडांची ओळ दिसेल, मधूनमधून "बेर्लिनर माउअर 1961–1989" अशी पट्टी. ती फक्त पुढच्या भिंतीची रेघ आहे. त्या रेघेवर उभं राहून पूर्वेकडे तोंड करा आणि पावलं मोजत जा. मागची भिंत कुठे होती ते बहुतेक ठिकाणी आखलेलं नाही, पण मधला पट्टा नव्या इमारतींच्या सरळ रांगेवरून आणि अचानक तरुण झालेल्या झाडांवरून ओळखू येतो.